रेषा सरकण्याआधी आमचे हक्क लिहून घ्या

प्रति,
मा. खासदार,
वर्धा लोकसभा मतदारसंघ.



हे पत्र कारंजा (घाडगे) येथून लिहितो आहे. तहसील कचेरीसमोर अर्ज लिहून देणं हे माझं काम. जातीचा दाखला, अधिवास, फेरफार, वारसान, निराधारचा अर्ज, कोतवाल बुकाच्या नकलेसाठी विनंती, असं सगळं. वेगळ्या विदर्भाचा विषय निघाला की लोक अनुशेषाबद्दल बोलतात. दांडेकर समितीने १९८४ मध्ये त्याचा हिशेब मांडला, तेव्हापासून सिंचनाचे, रस्त्यांचे आणि कोटींचे आकडे आम्हाला पाठ झाले. मला मात्र समोरच्या बाकावर बसलेला माणूस दिसतो. उद्या विदर्भ महाराष्ट्रातून बाहेर पडला तर त्याचे कोणते हक्क त्याच्यासोबत येतील? कोणते रेषेपलीकडे राहतील? आणि हे कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमात लिहिलेलं असेल?

आपल्यालाच विचारतो, कारण हे उत्तर मुंबईच्या हातात नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३ प्रमाणे राज्य तोडण्याचा, जोडण्याचा, त्याच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे. संबंधित विधानसभेचं मत राष्ट्रपती मागवतात, ते संसदेवर बंधनकारक नसतं, आणि विधेयक साध्या बहुमताने मंजूर होतं. शिवाय आपला मतदारसंघ आर्वी-कारंज्यापासून मोर्शी-वरूडपर्यंत पसरलेला आहे. वरूडच्या पलीकडे मध्य प्रदेश सुरू होतो. राज्याची रेषा माणसाच्या आयुष्यात काय करते ते आपल्या मतदारांइतकं फार थोड्यांनी भोगलं असेल.

माझी बाजू आधीच सांगतो. मी वेगळ्या विदर्भाचा समर्थक आहे. उद्या कौल घेतला तर 'हो' म्हणेन. १९३८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेने महाविदर्भाचा ठराव केला होता, बापूजी अण्यांनी हयातभर ही मागणी लावून धरली, आणि १९५५ मध्ये राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगाने आठ जिल्ह्यांचं विदर्भ राज्य करावं अशी स्वच्छ शिफारस केली होती. ही मागणी जुनी आहे आणि रास्तही आहे. म्हणूनच तिच्यात जी जागा रिकामी राहिली आहे ती मला टोचते. सभांमधून नकाशा दाखवतात, राजधानी ठरवतात, वीज आणि कोळशाचा हिशेब देतात. नागरिकाच्या हक्कांचं पान कोणी उघडत नाही.

एका राज्यातून निघून दुसऱ्यात जाणं आमच्यासाठी नवं नाही. १९५० मध्ये कारंजा मध्य प्रदेशात होतं आणि त्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. पांढुर्णा, सौंसर, मुलताई, काटोल, वरूड, आर्वी, सगळं एकाच राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आले. आमच्या आज्याने गाव न सोडता तीन राज्यांत संसार केला.

तेव्हा त्याला विचारलं होतं का? १९५६ मध्ये संसदेपुढे आलेल्या राज्य पुनर्रचनेच्या मूळ विधेयकात महाराष्ट्र आणि गुजरात ही वेगळी राज्यं होती आणि मुंबई शहर केंद्राकडे राहणार होतं. विधानसभांकडे मतासाठी गेला तो हाच मसुदा. संसदेने तो बदलला आणि सगळ्यांचं मिळून एक मोठं मुंबई राज्य केलं. या बदललेल्या रूपावर विधानसभेला पुन्हा विचारलं गेलं नाही. बाबूलाल पराते यांनी याविरुद्ध दाद मागितली. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की एकदा मत मागवलं की पुरे, संसदेने नंतर कितीही बदल केले तरी पुन्हा विचारण्याची गरज नाही. कायदा आजही तोच आहे. विधानसभेलाच जिथे दुसऱ्यांदा विचारायचं बंधन नाही, तिथे माझ्या बाकावरच्या माणसाला पहिल्यांदा तरी कोण विचारणार?

आता ती १९५६ ची रेषा आज काय करते ते सांगतो.

काही दिवसांपूर्वी एक पोरगी आली होती. माहेर पांढुर्ण्याजवळचं, सासर आमच्या तालुक्यात. पदवी झालेली, तलाठी भरतीचा फॉर्म भरायचा होता. जात तीच जी तिच्या नवऱ्याची, आणि ती दोन्ही राज्यांच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे. पण दाखला मध्य प्रदेशातला. मला तिला सांगावं लागलं की महाराष्ट्राच्या नोकरभरतीत तुला हा प्रवर्ग मिळणार नाही, खुल्यातून भरावं लागेल. ती म्हणाली, "काका, माह्या आजाची सारी सोयरीक इकडचीच. आजी तं कोंढाळीची. मंग मी परराज्यातली कशी काय झाली?"

कायदा तिच्या विरुद्ध आहे. जात जन्माने मिळते, लग्नाने नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यवार आहेत, आणि एका राज्यातून दुसऱ्यात गेलेल्या माणसाला नव्या राज्यात त्या सवलती मिळत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशाच्या खटल्यात ठरवलं. लग्न करून दुसऱ्या राज्यात गेलेल्या स्त्रीलाही तोच नियम लागतो, असं २०१८ मध्ये उत्तराखंडच्या एका प्रकरणात स्पष्ट झालं. महाराष्ट्रात दाखल्यासाठी कुटुंबाचा राहता पत्ता एका मानीव दिनांकाला कुठे होता ते पाहतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. यातली पहिली तारीख पाहा. १० ऑगस्ट १९५० ला त्या पोरीचा आजा आणि तिच्या नवऱ्याचा आजा एकाच राज्याचे रहिवासी होते. दोघांची राजधानी नागपूर होती. दोघांच्या गावांमधली रेषा त्यानंतर सहा वर्षांनी आली, आणि तिने एकाच्या नातीला परकं केलं.

न्यायालयाने हे एकदा पाहिलं आहे. पांढुर्ण्याच्या एका हलबा कर्मचाऱ्याचं प्रकरण या शतकाच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. जमातीचा मूळ प्रदेशच पुनर्रचनेने दोन राज्यांत वाटला गेला असेल तर त्याला साधं स्थलांतर म्हणायचं का, हे तपासायला हवं, असं न्यायालय म्हणालं. पण त्यासाठी माणसाला दिल्लीपर्यंत जावं लागलं. तलाठी भरतीचा फॉर्म भरणारी पोरगी दिल्लीला जात नाही. ती खुल्यातून फॉर्म भरते आणि घरी जाते.

आता हीच रेषा बुलढाणा आणि जालन्याच्या मधून, वाशीम आणि हिंगोलीच्या मधून, पैनगंगेच्या पात्रातून यवतमाळ आणि नांदेडच्या मधून गेली असं समजा. तिथे आज रोज सोयरीक होते. दारव्ह्याची पोरगी हदगावला, मेहकरची जालन्याला. पुण्यात शिकणारी, हिंजवडीत नोकरीला लागलेली आमची पोरं तर गावोगावी आहेत. ज्या दिवशी विदर्भ वेगळा होईल त्या दिवशी पुण्यात बसलेला आर्वीचा मुलगा काय होईल? स्थलांतरित? त्याने काहीच केलेलं नसताना?

राज्याची यादी किती निष्ठुर असू शकते त्याचा दुसरा दाखला आमच्या जिल्ह्यातलाच आहे. बोरच्या जंगलालगतच्या गावांत गोंड पिढ्यानपिढ्या राहतात. १९५० च्या यादीत आमच्याकडे गोंड अनुसूचित जमात ठरले ते फक्त ठरावीक भागांत: मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी, यवतमाळ. वर्धा जिल्हा त्यात नव्हता. म्हणजे केळापूरचा गोंड आदिवासी आणि आमच्या तालुक्यातला त्याचा मामा कायद्याच्या नजरेत आदिवासी नाही. ही क्षेत्राची अट १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने गेली आणि तो कायदा २७ जुलै १९७७ पासून लागू झाला. सत्तावीस वर्षं. त्या काळात ज्यांची शिक्षणं आणि नोकऱ्यांची वयं निघून गेली त्यांना कोणी काही परत दिलं नाही. राज्य बदललं तेव्हा, १९५६ मध्ये, ही चूक सुधारायची संधी होती. यादी तशीच्या तशी पुढे ढकलली गेली.

मी रेषेला सरसकट दोष देत नाही. तिने कधी कधी दिलंही आहे, आणि तेही सांगायला हवं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली तेव्हा नागपूर मध्य प्रदेशात होतं. अठरा दिवसांनी ते मुंबई राज्यात गेलं. महाराष्ट्र झाल्यावर राज्य सरकारने धर्मांतरित बौद्धांना आपल्या अखत्यारीतल्या सवलती सुरू ठेवण्याचा निर्णय घेतला. केंद्राने त्यांना अनुसूचित जातींत घेतलं ते थेट १९९० मध्ये. मधली तीस वर्षं आमच्याकडच्या बौद्ध घरांतली पोरं शिकली, मास्तर झाली, कारकून झाली, ती राज्याच्या निर्णयावर. उलट १९६८ मध्ये मध्य प्रदेशाने धर्म स्वातंत्र्य अधिनियम केला. धर्मांतराचा विधी करणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवायचं, न कळवल्यास शिक्षा. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तो वैध ठरवला. नागपूर तिकडेच राहिलं असतं तर दरवर्षी दीक्षाभूमीवर होणाऱ्या दीक्षेला हा कायदा लागू झाला असता. महाराष्ट्रात तेव्हा तसा कायदा नव्हता. धर्म निवडायचं स्वातंत्र्य घटनेच्या अनुच्छेद २५ मध्ये सगळ्यांना सारखंच लिहिलेलं आहे, पण ते वापरताना कोणाच्या दारात कागद द्यायचा, हे राज्य ठरवतं.

आपल्याकडे नागरिकत्व एकच आहे, भारताचं. विदर्भ वेगळा झाल्याने कोणाचा पासपोर्ट बदलणार नाही, मतदानाचा हक्क जाणार नाही, देशात कुठेही राहण्या-फिरण्याचं अनुच्छेद १९ चं स्वातंत्र्य कमी होणार नाही. हे मोठं कवच आहे. ब्रिटनच्या लोकांना ते नव्हतं. २३ जून २०१६ च्या सार्वमतात जवळपास बावन्न टक्क्यांनी युरोपीय संघ सोडायचा कौल दिला, ३१ जानेवारी २०२० ला देश बाहेर पडला आणि त्या वर्षअखेर सत्तावीस देशांत मुक्तपणे राहण्याचा, काम करण्याचा हक्क संपला. युरोपीय संघाची मूलभूत हक्कांची सनद त्यांच्या देशी कायद्यातून गेली. फ्रान्समध्ये वर्षानुवर्षं राहणाऱ्या ब्रिटिशांचं तिथल्या नगरपालिकेतलं मतसुद्धा गेलं. त्या सार्वमतात लंडनमध्ये राहणाऱ्या भारतीय पासपोर्टच्या मराठी माणसाला, राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून, मत देता आलं. ब्रिटनमध्ये घर करून राहिलेल्या बहुतेक फ्रेंच, पोलिश, पोर्तुगीज नागरिकांना मात्र देता आलं नाही, आणि हक्क पणाला लागले होते ते त्यांचेच. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेली स्विंडनची गोवेकर कुटुंबं त्यातच होती. ३० जून २०२१ च्या आत अर्ज करून स्थायी दर्जा मिळवा, असं त्यांना सांगितलं गेलं. मुदतीच्या आत कागद गोळा करणाऱ्या आयाबायांची धावपळ कशी असेल ते मला न बघताही कळतं, माझं काम तेच आहे.

आपलं कवच मजबूत आहे म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण कारंज्याच्या माणसाचं रोजचं जगणं घटनेच्या तिसऱ्या भागातल्या मूलभूत हक्कांपेक्षा राज्याच्या कायद्यांवर आणि शासन निर्णयांवर जास्त चालतं. विमुक्त-भटक्यांचा वेगळा प्रवर्ग आणि विशेष मागास प्रवर्ग ही महाराष्ट्राची व्यवस्था आहे. विदर्भ राज्यात ती राहील का? अधिवासाला पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं. ती वर्षं महाराष्ट्रात काढली तर विदर्भात मोजली जातील का? वैद्यकीय प्रवेशातली विभागवार सत्तर-तीसची अट (सत्तर टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना) २०२० मध्ये रद्द झाली. राज्यच वेगळं झालं तर ती भिंत दुप्पट उंच होऊन परत येणार नाही याची हमी कोण देतो? निराधारचं मानधन, शिष्यवृत्ती, कर्जमाफी, यांचं तर विचारायलाच नको.

मला कोणी म्हणेल की जुने कायदे आपोआप चालू राहतात. खरं आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात कलम ११९ होतं: जो प्रदेश हलला तिथले कायदे बदल होईपर्यंत तसेच लागू राहतील. त्यामुळेच १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा घरभाडे नियंत्रण आदेश विदर्भात ३१ मार्च २००० पर्यंत चालला. पण "चालू राहतील" याचा अर्थ लोकांच्या बाजूने चालू राहतील असा होत नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या कुळाला कृषक दिन १ एप्रिल १९५७ ला मिळाला. विदर्भासाठी वेगळा कूळकायदा १९५८ मध्ये झाला आणि कूळ मालक होण्याची तारीख १ एप्रिल १९६१ ठरली. एकाच राज्यातल्या दोन कुळांमध्ये चार वर्षांचं अंतर.

झुडपी जंगलाचं उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. जुन्या मध्यप्रांताच्या महसुली दप्तरात गावाभोवतीच्या झुडपांच्या, चराईच्या, निस्ताराच्या (गावकऱ्यांच्या सामायिक वापराच्या) जमिनीला हे नाव होतं. १९५६ नंतर ती नोंद तशीच महाराष्ट्राच्या दप्तरात आली. उर्वरित महाराष्ट्रात असला प्रकारच नाही, फक्त पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत आहे, वर्धा त्यात आला. दरम्यान त्या जमिनीवर घरं झाली, शाळा झाल्या, सरकारी इमारती झाल्या, स्मशानभूमी झाल्या. मग १९८० चा वनसंवर्धन कायदा आला, १२ डिसेंबर १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा गोदावर्मन खटल्यातला आदेश आला, आणि गावाच्या चराईची जमीन वन ठरली. घरकुल मंजूर झालेल्या बाईला "तुझी जागा झुडपी जंगलात निघाली" असं सांगण्याची वेळ माझ्यावर किती वेळा आली असेल. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुमारे ८६ हजार हेक्टरची ही जमीन वनच मानायची. १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनींसाठी मात्र राज्याने केंद्राची मंजुरी घेऊन मार्ग काढावा. जंगल राखलंच पाहिजे, त्याबद्दल माझं दुमत नाही. माझं म्हणणं एवढंच की १९५६ मध्ये कोणीतरी बसून "या नोंदीचा नव्या राज्यात अर्थ काय" एवढं एक कलम लिहिलं असतं तर सत्तर वर्षांचा हा घोर टळला असता.

असं लिहिता येतं, याचा पुरावाही याच जमिनीत आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मध्ये झाली तेव्हा निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढ हक्कांची नोंद) यांची कलमं खास विदर्भासाठी ठेवली गेली. आमच्या भागातल्या नंदगवळ्यांनी पिढ्यानपिढ्या जपलेली गवळाऊ गाय, जिची पैदास आज हेटीकुंडीच्या फार्मवरही होते, ती ज्या चराईवर जगली त्या चराईचा हक्क कायद्यात उरला, कारण तो कायद्यात लिहिला होता.

याच्या उलट, विदर्भाला मराठी राज्यात आणण्यासाठी झालेला नागपूर करार. २८ सप्टेंबर १९५३ ला यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील, गोपाळराव खेडकर अशा मोठ्या माणसांनी सह्या केल्या. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्यांत आणि शिक्षणात वाटा, वर्षातून एक अधिवेशन नागपुरात, उच्च न्यायालयाचं खंडपीठ नागपुरात. यातलं काय टिकलं पाहा. १९३६ पासूनचं नागपूरचं उच्च न्यायालय गेलं, पण खंडपीठ आलं, म्हणून आज कारंज्याचा माणूस सकाळी बस धरून उच्च न्यायालयात जातो आणि रात्री घरी जेवतो. न्यायालयात जाता येणं हा हक्क नुसता कागदावर असून भागत नाही, तो पोहोचण्याच्या अंतरावर लागतो. अधिवेशनही बहुतेक दरवर्षी भरतं. खर्चाचा आणि नोकऱ्यांचा वाटा मात्र कोर्टात मागता येईल अशा शब्दांत कुठेच आला नाही. घटनेत विकास मंडळांची तरतूद करणारा अनुच्छेद ३७१(२) आला. त्याखाली ती मंडळं व्हायला १९९४ उजाडलं. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली, आणि मुदत संपली म्हणून कारंज्याचा एकही माणूस न्यायालयात जाऊन "माझा हक्क गेला" असं म्हणू शकला नाही. सह्या करणारे थोर होते. त्यांच्या शब्दावर माझा अविश्वास नाही. पण शब्द देणारा गेला की तो शब्द कोणाकडे मागायचा?

अलीकडची राज्यं पाहिली तर दोन्ही प्रकार दिसतात. बिहारमधून १५ नोव्हेंबर २००० ला झारखंड निघालं. हजारीबागला जन्मलेला, शिक्षक झालेला अनुसूचित जातीचा एक माणूस झारखंडच्या नागरी सेवा परीक्षेत उत्तीर्ण झाला, आणि कुटुंबाचा मूळ पत्ता पाटण्याचा म्हणून त्याला प्रवर्ग नाकारला गेला. १९ ऑगस्ट २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने त्याला न्याय दिला: पुनर्रचनेत सापडलेल्या माणसाला दोनपैकी कोणत्याही एका राज्यात हा लाभ घेता येईल, एकाच वेळी दोन्हीकडे नाही. राज्य होऊन जवळपास एकवीस वर्षं झाली होती. आंध्र प्रदेश पुनर्रचना कायदा २०१४ मध्ये मात्र कलम ९५ आहे. उच्च शिक्षणातले प्रवेशाचे कोटे आणि सामायिक प्रवेश प्रक्रिया दहा वर्षं जशीच्या तशी राहतील, असं त्यात स्पष्ट लिहिलं. पहिल्या दिवसापासून पोरांना माहीत होतं आपण कुठे उभे आहोत.

मला विदर्भाच्या विधेयकात असं हक्कांचं प्रकरण हवं आहे. नियत दिवशी जो दोन्ही बाजूंपैकी कुठेही राहत असेल त्याचा जातीचा दाखला आणि अधिवास दोन्ही राज्यांत मान्य व्हावा, आणि त्याच्या मुलाबाळांनी कोणतं राज्य निवडायचं ते त्यांना ठरवू द्यावं. लग्नाने रेषा ओलांडणाऱ्या स्त्रीला तर हे आधी मिळायला हवं, कारण रेषा ओलांडणं ही तिच्यासाठी निवड नसते, आपल्या समाजाची रीत असते. विमुक्त-भटक्यांचे प्रवर्ग विदर्भाने जसेच्या तसे घ्यावेत. निस्ताराची कलमं न बदलता यावीत आणि झुडपी जंगलाच्या नोंदीचा अर्थ कायद्यातच सांगितलेला असावा. आणि हे करताना १९५६ ची चूकही दुरुस्त करता येईल: पांढुर्णा-सौंसर-मुलताईच्या मुलींना, ज्यांचं कुटुंब १९५० मध्ये आमच्याच राज्यात होतं, लग्नानंतर इकडे प्रवर्ग मिळावा. त्यासाठी विदर्भ होण्याची वाट पाहायचीही गरज नाही.

लोकांना विचारण्याचा मुद्दा राहिला. घटनेत राज्यनिर्मितीसाठी सार्वमताची तरतूद नाही, असं सगळे सांगतात. पण गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही हा प्रश्न आला तेव्हा संसदेने १९६६ मध्ये खास जनमत कौलाचा कायदा केला. १६ जानेवारी १९६७ ला कौल झाला, १,७२,१९१ मतं केंद्रशासित राहण्याच्या बाजूने आणि १,३८,१७० विलीनीकरणाच्या बाजूने पडली, आणि दोन्ही बाजूंनी तो मानला. त्या निकालाने महाराष्ट्रातल्या अनेकांचं मन दुखावलं होतं, तरी लोकांना विचारलं गेलं याचं मोल त्यांनीही नाकारलं नाही. गोव्याच्या माणसाला जो मान मिळाला तो विदर्भाच्या माणसाला का नको? कौलाच्या कागदावर 'हो' आणि 'नाही' यांच्यासोबत हक्कांचं प्रकरणही छापलेलं असावं, म्हणजे मत देणाऱ्याला आपण काय घेतो आणि काय सोडतो ते कळेल. ब्रिटनमध्ये आधी कौल झाला आणि बाहेर पडणं म्हणजे नेमकं काय, यावर त्यांची संसद नंतर साडेतीन वर्षं भांडत बसली.

अनुच्छेद ३ खालचं विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय मांडता येत नाही, हे मला माहीत आहे. सभागृहात प्रश्न विचारायला मात्र ती लागत नाही. येत्या अधिवेशनात गृहमंत्र्यांना आणि सामाजिक न्याय मंत्र्यांना एवढं विचारा: १९५६ च्या पुनर्रचनेने ज्या कुटुंबांचं राज्य त्यांच्या घरात बसल्या जागी बदललं, त्यांच्या वारसांना अनुसूचित जाती-जमातींचे लाभ देण्याबाबत केंद्राच्या सूचना काय आहेत, आणि यापुढच्या प्रत्येक पुनर्रचना विधेयकात नागरिकांच्या हक्कांचं स्वतंत्र प्रकरण असावं, यासाठी सरकार काही करणार आहे का. लेखी उत्तर मिळालं तर त्याची एक प्रत इकडे पाठवा. पांढुर्ण्याच्या पोरीचा फोन नंबर मी लिहून ठेवला आहे, पुढची भरती निघण्याआधी ती प्रत तिला दाखवायची आहे.

आपला,
तहसील कचेरीसमोरचा एक अर्जनवीस
कारंजा (घाडगे), जि. वर्धा